आवडतं वाफेचं इंजिन: माझं मत २-८-२ ला, तुमचं?

सांधेवाला

इंजिनवेड्यांच्या गप्पांत आवडीचं इंजिन विचारलं की पहिली चार नावं ठरलेली असतात. मॅलार्ड, फ्लाइंग स्कॉट्समन, बिग बॉय आणि आपली डब्ल्यूपी. चारही मानाची आहेत, त्यात वादच नाही. पण मी आज ज्याची बाजू घेऊन आलोय ते इंजिन कॅलेंडरवर फारसं झळकत नाही. मिकाडो, म्हणजे २-८-२. मालगाडी ओढणारं.

कारण सांगतो. डब्ल्यूपी आणि डब्ल्यूजी ही दोन इंजिनं शेजारी उभी आहेत अशी कल्पना करा. डब्ल्यूपी प्रवासी गाड्यांसाठी, डब्ल्यूजी मालासाठी. बॉयलर एकाच जातीचा. फरक खाली आहे. डब्ल्यूपीला मोठ्या चाकांच्या तीन जोड्या, प्रत्येक चाकाचा व्यास १७०२ मिलिमीटर. डब्ल्यूजीला चार जोड्या, व्यास १५६२. म्हणजे जेमतेम वीतभरसुद्धा फरक नाही. पण त्या १४ सेंटिमीटरमध्ये अख्खं इंजिन बदलतं. चाक लहान, म्हणून एका फेऱ्यात अंतर कमी कापलं जातं आणि रुळावर रेटा जास्त मिळतो. त्यात चार जोड्यांवर वजन वाटलेलं, म्हणून पकड घट्ट. तीच वाफ एका इंजिनात वेग होते आणि दुसऱ्यात ताकद.

मागची ती छोटी चाकांची जोडी तर मला या रचनेतली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते. २-८-० मध्ये भट्टीला मोठ्या चाकांच्या वर किंवा मध्ये अंग चोरून बसावं लागतं. मागे एक छोटी जोडी दिली की भट्टी मोकळी होते. रुंद करा, खोल करा, हलका कोळसासुद्धा पुरेसा पसरून जाळता येतो. एका जोडीने एवढं साधतं.

नाव जपानवरून पडलं. १८९७ मध्ये बाल्डविन कारखान्याने जपानच्या निप्पॉन रेल्वेसाठी या रचनेची इंजिनं बांधली, आणि जपानच्या सम्राटाला पाश्चात्त्य लोक मिकाडो म्हणत. दुसऱ्या महायुद्धात जपान शत्रू झाल्यावर अमेरिकेतल्या काही रेल्वेंनी हेच नाव बदलून आपल्या सेनापतीच्या नावावरून मॅकआर्थर केलं. इंजिन तेच राहिलं. जपानने स्वतःची डी५१ ही मिकाडो एक हजारावर बांधली, १११५. आपल्याकडे डब्ल्यूजी २४५० झाल्या. लोकांनी ज्यांना कॅलेंडरवर लावलं नाही त्यांच्यावर देशांनी एवढा विश्वास टाकला होता.

आता तुमचं सांगा. नुसतं नाव नको, कारण हवं.


नवा डबा

दादा, आधी एक शंका. हे २-८-२, ४-६-२ नक्की कसं मोजतात? मी एका फोटोत चाकं मोजली तर निम्मीच भरली.


सांधेवाला

फोटोत एकच बाजू दिसते, म्हणून निम्मी. दोन्ही बाजूंची चाकं धरायची. पहिला आकडा पुढच्या छोट्या चाकांचा, मधला दांड्यांनी जोडलेल्या मोठ्या चाकांचा, शेवटचा मागच्या छोट्यांचा. तशी चाकं नसतील तर शून्य. ही व्हाइट पद्धत, फ्रेडरिक व्हाइट नावाच्या अमेरिकन माणसाची. टेंडरची, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याची, चाकं यात धरत नाहीत, तिथे नवे लोक हमखास चुकतात. युरोपात बऱ्याच देशांत जोड्या मोजतात आणि मोठ्या चाकांना अक्षर देतात, त्यामुळे तिकडच्या पुस्तकांत मिकाडो १डी१ अशी दिसते.


वेगवंत

सांधेवाले, लिहिलंय छान, पण मी पॅसिफिकवालाच राहणार. ४-६-२. पुढे चार छोटी चाकं म्हणजे वेगात वळण घेताना नाक धरून नेणारं कोणीतरी आहे. मागे तुमचीच ती छोटी जोडी, म्हणजे भट्टी रुंद. तुमच्या मिकाडोचा सगळा शहाणपणा यात आहे आणि वर धावणंही आहे.

मॅलार्डचं, म्हणजे इंग्लंडच्या ए४ वर्गातल्या त्या पॅसिफिकचं, नाव सगळे घेतात, पण ३ जुलै १९३८ ला नक्की काय झालं ते आकड्यांत उतरवून बघा. वाफेच्या इंजिनाचा वेगाचा विक्रम, ताशी १२६ मैल, म्हणजे २०३ किलोमीटर. चाकाचा व्यास २०३२ मिलिमीटर, परीघ सुमारे ६.४ मीटर. म्हणजे चाक सेकंदाला जवळजवळ नऊ वेळा फिरत होतं. दट्ट्या प्रत्येक फेऱ्यात एकदा पुढे आणि एकदा मागे जातो. पाऊण मीटरला थोडा कमी असा तो पल्ला, आणि एवढं जड लोखंड सेकंदाला सतरा-अठरा वेळा थांबून उलटं फिरत होतं. हे कोळसा फावड्याने टाकून केलेलं आहे! टॉमी ब्रे फायरमन होता, जो डडिंग्टन ड्रायव्हर.

त्या धावेत मधल्या सिलिंडरच्या दांड्याचं मोठं बेअरिंग तापलं. ए४ ना तिथे वासाची कुपी बसवलेली असे, बेअरिंग तापलं की ती फुटून बडीशेपेसारखा उग्र वास सुटायचा. आज आपण सेन्सर म्हणतो, तेव्हा नाक होतं. पीटरबरोला इंजिन काढून दुसरं लावावं लागलं. मला त्या विक्रमाइतकंच हे प्रिय आहे. ए४ चा रचनाकार ग्रेस्ली, त्याने जे बांधलं ते त्याच्या शेवटच्या काठापर्यंत वापरून बघितलं गेलं.


मीटरगेजवाला

वेगवंत यांचं गणित आवडलं. पण दोन वर्षं आधी, मे १९३६ मध्ये, जर्मनीच्या ०५ ००२ ने २०० चा आकडा ओलांडला होता हेही नोंदवतो. ४-६-४, तीन सिलिंडर, चाकांचा व्यास २३०० मिलिमीटर. माणसाच्या डोक्याहून उंच चाक.

माझं मत मात्र दोन्ही पक्षांना नाही. गॅरट.

एक बॉयलर, त्याच्या पुढे एक इंजिन आणि मागे एक इंजिन, दोन्ही खिळीवर फिरणारी. बॉयलरच्या पोटाखाली एकही चाक नाही. सांधेवाले म्हणतात ना एका छोट्या जोडीने भट्टी मोकळी होते, इथे अख्खा बॉयलरच मोकळा. आखूड आणि जाडजूड करता येतो, आणि वाफ करण्यासाठी तोच आकार उत्तम. वजन इतक्या आसांवर वाटलं जातं की हलक्या रुळांवरून, अरुंद गेजवरून, अवघड वळणांतून राक्षसी ताकद नेता येते.

हर्बर्ट गॅरट यांची कल्पना, आणि बेयर पीकॉक कंपनीने १९०९ मध्ये पहिली दोन बांधली ती टास्मानियासाठी, दोन फुटी गेजची. त्यातलं के१ आजही आहे. आणि दुसऱ्या टोकाला पूर्व आफ्रिकेची ५९ वर्गाची इंजिनं. मीटरगेज! ४-८-२+२-८-४, वजन अडीचशे टन, एकूण ३४ बांधली, प्रत्येकाला एका डोंगराचं नाव. मोंबासाच्या बंदरातून नैरोबीकडे चढत जायची. मीटरगेजला कायम धाकटं समजतात, त्यांनी त्या इंजिनाचा एक फोटो शांतपणे बघावा.

एक दोष प्रामाणिकपणे सांगतो. पाणी आणि कोळसा इंजिनाच्याच अंगावर असल्यामुळे वाटेत ते संपत गेलं की चाकांवरचं वजन घटतं आणि पकडही घटते. चढ प्रवासाच्या शेवटी असेल तर ड्रायव्हरची परीक्षा.


वेगवंत

+१. गॅरटचा दोष गॅरटवाल्याने सांगितला हे फार आवडलं.


भट्टीची लेक

माझे वडील डब्ल्यूजीवर फायरमन होते, म्हणून हा धागा बघून राहवलं नाही. मला इंजिनांची माहिती तुमच्याएवढी नाही. जे घरात ऐकलं आणि एकदा प्रत्यक्ष पाहिलं तेवढंच लिहिते.

बाबा म्हणायचे, कोळसा टाकायचा नसतो, पेरायचा असतो. भट्टीचं दार उघडलं की आत पांढरी आग असते, लाल नव्हे, आणि तिच्याकडे सरळ बघता येत नाही. ते फावडं दारात आडवं धरून आत बघत. फावड्याच्या कडेवरून आत जाणारी हवा ज्वाळांना बाजूला सारते आणि जाळीवर कुठे खड्डा पडलाय ते तेवढ्यात दिसतं. मग फावडं आत घालून मनगटाला एक झटका, कोळसा डावीकडे. दुसरा झटका, उजवीकडे. मागचे कोपरे भरलेले हवेत, मधे पातळ थर. दार जास्त वेळ उघडं राहिलं तर थंड हवा आत शिरते आणि नळ्यांना इजा होते, म्हणून टाका, मिटा, टाका, मिटा. हे डोलणाऱ्या लोखंडावर दोन्ही पाय रोवून, तासन् तास.

मी लहान असताना त्यांनी एकदा मला उभ्या इंजिनावर चढवलं होतं. मला आठवतं ते काचेच्या नळीतलं पाणी. सगळ्या त्या काळ्या, तेलकट, तापलेल्या पसाऱ्यात ती एक बोटभर जाडीची नळी, आणि तिच्यात वरखाली हलणारं स्वच्छ पाणी. बाबा म्हणाले, बाकी काही चुकलं तर गाडी उशिरा जाते, ही नळी रिकामी झाली तर आपण जातो. भट्टीच्या छतावर पाणी कायम असायलाच हवं.

त्यांची पाठ शेवटपर्यंत दुखत राहिली. तरी कोणी वाफेच्या इंजिनाला वाईट बोललेलं त्यांना खपत नसे. माझं मत डब्ल्यूजीला, सांधेवाले दादा.


सांधेवाला

ताई, मी वर चाकांचे व्यास लिहीत बसलो आणि तुम्ही तीच डब्ल्यूजी आतून दाखवलीत. ‘कोळसा पेरायचा असतो’ हे वाक्य मी जपून ठेवणार आहे. बाबांना नमस्कार.


घाटवाट

अगदी अगदी. ताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला.

मी डोंगरी इंजिनांचा माणूस. तिथे एकाच प्रश्नाला प्रत्येकाने वेगळं उत्तर दिलंय, म्हणून मजा येते. प्रश्न असा: लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं, मग चढायचं कसं?

दार्जिलिंगच्या बी वर्गाचं उत्तर सर्वांत साधं. १८८९ पासूनचं ०-४-० इंजिन, चारच चाकं, म्हणजे इंजिनाचं सगळंच्या सगळं वजन पकडीला. पाण्याची टाकी बॉयलरवर खोगिरासारखी. पुढे बफरवर माणसं बसून रुळांवर मुठीने वाळू टाकणार. माणसाची मूठ हा त्या यंत्राचा सुटा भाग आहे.

निलगिरीच्या एक्स वर्गाचं उत्तर स्विस कारखान्यातलं. सुमारे बारा मीटरला एक मीटर चढ, तिथे नुसत्या घर्षणाचं काम नाही. मधे दातेरी पट्टी आणि इंजिनाखाली दातेरी चाकं. सिलिंडर चार. सपाटीवर खालचे दोनच चालतात. दातेरी भाग सुरू झाला की खालच्या सिलिंडरमधून निघालेली वाफ हवेत न सोडता वरच्या दोन सिलिंडरमध्ये जाते आणि तीच वाफ दुसऱ्यांदा राबून दातेरी चाकं फिरवते. सर्वांत जास्त ताकद लागते त्याच ठिकाणी वाफेचा दुहेरी वापर. या इंजिनाइतकी नेटकी विचारपद्धत मी दुसरीकडे पाहिलेली नाही, आणि माझं पहिलं मत त्यालाच.

तिसरं उत्तर अमेरिकेतल्या जंगलांचं, शे इंजिन. ईफ्रेम शे यांचं पेटंट १८८१ चं. सिलिंडर उभे, सगळे उजव्या बाजूला. त्यांचा तोल साधायला बॉयलर डावीकडे सरकवलेला, त्यामुळे समोरून बघितलं तर इंजिन वाकडं दिसतं. सिलिंडर एक लांब दांडा फिरवतात आणि गिअरवाटे प्रत्येक चाक चालतं, टेंडरखालचंसुद्धा. लाकडं वाहणारे तात्पुरते, वेडेवाकडे रूळ, त्यावर हे इंजिन मुंगीसारखं चालायचं. आवाज मात्र एक्स्प्रेसचा, कारण गिअरमुळे सिलिंडर चाकांच्या कितीतरी पुढे धावतात. डोळे मिटून ऐकलं तर वाटावं गाडी सुसाट निघालीय, डोळे उघडावेत तर बाजूने माणूस चालत पुढे जातोय.


नवा डबा

शे चा व्हिडिओ आत्ताच बघितला. पहिल्यांदा वाटलं आवाज वेगळाच जोडलाय! मग सगळ्याच इंजिनांचा आवाज कशावरून ठरतो?


वाफाळ

माझा विषय काढलात. मी इंजिनं बघतो कमी आणि ऐकतो जास्त.

आधी आवाज येतो कुठून? सिलिंडरमध्ये काम संपलेली वाफ धुराड्यातून जोराने वर सोडतात. ती जाताना भट्टीतला धूर बरोबर ओढून नेते, म्हणजे जाळीखालून ताजी हवा आत येते आणि आग फुलते. १८२९ च्या रेनहिलच्या चाचणीत जिंकलेल्या स्टीफन्सनच्या रॉकेटमध्येही हेच तत्त्व होतं, आणि पुढे जगभर तेच राहिलं. इंजिनाने जितकं जास्त ओढावं तितकी वाफ जोराने सुटते, तितकी आग भडकते, तितकी नवी वाफ तयार होते. मागणी वाढली की पुरवठा आपोआप वाढतो. आपण ज्याला झुकझुक म्हणतो तो इंजिनाचा श्वास आहे, हे शब्दशः खरं आहे.

दोन सिलिंडरच्या इंजिनाचे चाकाच्या एका फेऱ्यात चार ठोके. तीन सिलिंडरचे सहा, म्हणून ए४ चा आवाज गुळगुळीत वाटतो, आणि मधल्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह हलवणारी ग्रेस्लीची सांधेजोड झिजली की त्यात लंगड येतो. डब्ल्यूजी चढावर ताशी १५ किलोमीटरने चालली असेल तर सेकंदाला तीन-साडेतीन ठोके, सुटे सुटे मोजता येतात. डब्ल्यूपी शंभराने गेली तर वीस-एकवीस, तिथे ठोके संपून गुंजन सुरू होतं. वेगवंत आणि सांधेवाले यांचा वाद माझ्या कानांत असा ऐकू येतो.

ड्रायव्हर कसा आहे तेही आवाजात कळतं. निघताना वाफ पल्ल्याच्या बऱ्याच भागापर्यंत आत सोडावी लागते, म्हणून पहिले ठोके तोफेसारखे. वेग आला की जाणता ड्रायव्हर कट-ऑफ कमी करत आणतो. थोडी वाफ सोडायची, दार बंद, पुढचं काम त्या कोंडलेल्या वाफेने पसरत पसरत करायचं. ठोका मऊ होत जातो. जो ड्रायव्हर हे करत नाही त्याचं इंजिन लांबूनही ओरडताना ऐकू येतं, आणि त्याची किंमत फायरमनच्या पाठीने मोजायची. भट्टीच्या लेकीच्या बाबांना हे पुरेपूर माहीत असणार.

आता माझी आवड. ऐकणाऱ्या माणसाचं असून न ठोकणारं इंजिन आहे. दक्षिण आफ्रिकेचा २५ वर्ग, ४-८-४, एकूण ९० इंजिनं. कारूच्या कोरड्या प्रदेशात पाणी नाही, म्हणून वापरलेली वाफ लांबलचक टेंडरमध्ये नेऊन थंड करून पुन्हा पाणी करायचे. वाफ धुराड्यातून सोडायचीच नाही म्हटल्यावर आगीला ओढ कुठून मिळणार? म्हणून तिथे पंखा बसवला, वापरलेल्या वाफेवरच फिरणारा. त्यामुळे हे अवाढव्य इंजिन ठोके न देता घरघरत, शीळ घातल्यासारखं जायचं. पुढे बहुतेकांचं ते यंत्र काढून साधी केली गेली. रेकॉर्डिंगं आहेत. प्रत्येक वेळी ऐकताना अंगावर काटा येतो, कारण त्या शिळेत पाण्याचा प्रत्येक थेंब वाचवल्याची जाणीव आहे.


मीटरगेजवाला

वाफाळ, क्या बात है. यात एक छोटी भर. स्वित्झर्लंडने १९४३ च्या सुमारास कोळशाच्या टंचाईत दोन शंटिंग इंजिनांवर वीजतारेला लागणारा पँटोग्राफ बसवला होता. विजेने पाणी उकळायचं आणि वाफेवर चालायचं. वीज मुबलक, कोळसा नाही, मग हाताशी होतं ते वापरलं.


घाटवाट

कोणीच शाप्लाँचं नाव घेतलं नाही म्हणून मी घेतो. आंद्रे शाप्लाँ, फ्रेंच अभियंता. वाफेचा रस्ता मोकळा करा, नळ्या रुंद करा, वळणं सैल करा, एवढ्यावर त्याने जुन्या इंजिनांतून थक्क करणारी ताकद काढली. मॅलार्डला जे दुहेरी किलचॅप धुराडं होतं त्यातला ‘चॅप’ म्हणजे शाप्लाँच. १९४६ चं त्याचं २४२ए१ अनेकांच्या मते वाफेच्या इंजिनाचा कळस. एकच बांधलं. १९६० मध्ये भंगारात गेलं. जतनही केलं नाही. मला याचा अजून राग येतो.


वेगवंत

तो राग माझाही आहे.

पण उलट बाजूही लिहितो. अमेरिकेचे बिग बॉय २५ होते, त्यातले आठ उरले, आणि ४०१४ क्रमांकाचं २०१९ मध्ये पुन्हा रुळावर धावू लागलं. इंग्लंडमध्ये ए१ वर्गाचं एकही उरलं नव्हतं, तर लोकांनी वर्गणी काढून २००८ मध्ये नवंकोरं टॉर्नेडो बांधून काढलं. जुन्या आराखड्यांवरून, चाकापासून शिट्टीपर्यंत. म्हणजे शाप्लाँचं इंजिनही पुन्हा होऊ शकतं, आराखडे आणि जिद्द असेल तर.


सांधेवाला

मतं मोजत होतो: पॅसिफिक एक, गॅरट एक, निलगिरीची एक्स एक, आफ्रिकेचा २५ वर्ग एक, मिकाडो दोन. मिकाडो पुढे आहे, आणि त्यातलं वजनदार मत माझं नाही, ताईंचं आहे.

वेगवंत, तुमच्यासाठी एक कबुली. ब्रिटनच्या ९एफ वर दोघांचं जमावं. २-१०-०, मालगाडीचं इंजिन, १.५ मीटरची छोटी चाकं. पाच जोड्या एका रांगेत, वळणात अडकू नये म्हणून मधल्या जोडीला रुळाला धरणारी कडच ठेवलेली नाही. तरी प्रवासी गाडी जोडल्यावर ते ताशी ९० मैलांपर्यंत धावलं. १९६० मध्ये ब्रिटिश रेल्वेने बांधलेलं शेवटचं वाफेचं इंजिन याच वर्गातलं, इव्हनिंग स्टार. आपल्या चित्तरंजन कारखान्यानेही १९७० मध्ये शेवटच्या डब्ल्यूजीला अंतिम सितारा नाव दिलं. दोन्ही देशांत शेवटचा तारा मालगाडीच्या इंजिनाला मिळाला.


वेगवंत

९एफ मान्य. पूर्ण मान्य.


भट्टीची लेक

वाफाळ, तुमचा प्रतिसाद घरी मोठ्याने वाचून दाखवला. बाबा आता नाहीत, पण आई ऐकत होती. ती म्हणाली, तुझे बाबा अंथरुणात पडल्या पडल्या सांगायचे, ही डब्ल्यूजी निघाली, आणि आज अमक्याच्या हातात आहे.

त्यांच्या एका मित्राने काढलेली जुनी कॅसेट सापडली आहे. भावाने ती उतरवून घेतली. मालगाडी सुटताना दीड मिनिट आहे. वाफाळ आणि सांधेवाले दादा, तुम्हाला निरोपातून पाठवली आहे.


वाफाळ

ताई, हेडफोन लावून सहा वेळा ऐकलं. सुरुवातीला सिलिंडरचे कॉक उघडे आहेत, तो फस्स आवाज पाणी बाहेर काढल्याचा. मग पहिला ठोका, आणि त्यानंतर इतका वेळ काहीच नाही की वाटतं गाडी हललीच नाही. मग दुसरा. विसाव्या सेकंदाला चाकं एकदा घसरतात, ठोके भरभर होतात, वाफ सोडणारा रेग्युलेटर लगेच मिटतो, पुन्हा उघडतो, आणि या वेळी पकड बसते.

प्रत्येक चारातला तिसरा ठोका किंचित हलका आहे. व्हॉल्व्हची मांडणी थोडी हललेली असणार. म्हणजे ते इंजिन शेडमधल्या सगळ्या डब्ल्यूजींमध्ये आवाजाने ओळखू येत असेल. आईंना एकदा ऐकवा, तो हलका ठोका त्यांनाही आठवतो का विचारा.


भट्टीची लेक

आत्ताच ऐकवलं. तिने तिसऱ्या ठोक्याला बोट वर केलं.